नोड सात

नाट्याच्या सड्यावर मी परवा टॉवर उभारला,
रात्री, जेवणं आटोपल्यावर.
ना जमीन मोजली, ना ग्रामपंचायतीचा दाखला.
तीन ओळींत उभा राहिला,
चौथ्या ओळीत बोलायला लागला.

खाली दर्या अंथरला, इस्त्री केल्यासारखा,
आणि बारा बोटी सोडल्या, शून्यापासून अकरापर्यंत.
डिझेल नको, बर्फ नको, खलाशी नकोत.
सेकंदाला चार मीटर, पश्चिमेकडे, नाकासमोर.
प्रत्येकीत एक फोन,
आणि प्रत्येक फोन टॉवरला सांगत राहतो
तू मला एवढा ऐकू येतोस,
आता एवढा,
आता एवढा.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणजे कुणाकुणाचं आहे.
कुणी रांगा लिहिल्या, कुणी गोंगाट लिहिला.
एका टॉवरनं दुसऱ्याच्या हाती फोन कसा द्यावा
तेही कुणीतरी लिहून ठेवलंय:
आधी विचारायचं, घेतोस का?
तो हो म्हणाला की सोडायचा.
मधले काही मिलिसेकंद
तो कुणाच्याच हातात नसतो.

सुरुवातीला बी म्हणून एक आकडा द्यायचा.
तोच आकडा, की तोच गोंगाट,
तेच पॅकेट हरवणार, त्याच जागी, कितीही वेळा चालवा.
रतांब्याचं बी लावून बघा म्हणावं.
नर की मादी,
सात-आठ वर्षं झाडालाही कळत नाही.

आलेख गुळगुळीत आला. सरांनी वर 'उत्तम' लिहिलं.
तो कागद घेऊन मी मुसाकाजीच्या धक्क्यावर गेले.
शफी होडेकर जाळं सांधत होता.
सुई दातात धरून त्यानं कागद दोनदा पाहिला
आणि विचारलं,
"ह्यात पानी कुठं हाय?"

हे काय, म्हटलं, ही आडवी रेघ.

"उधानाला तिसऱ्या खडपापलीकडं फोन मरतो.
जरा पुढं गेलं की परत जित्ता.
भांगाला नाय होत तसं.
आमी त्याला मुकं पानी म्हनतो."
आणि सुई पुन्हा जाळ्यात.

घरी येईपर्यंत मी त्याच्याशी मनात भांडले.
मग कंदील लागावा तसं लागलं:
एक किरण सरळ येतो बोटीकडे,
एक पाण्यावर आपटून,
आणि एका ठराविक अंतरावर
दोघं एकमेकांना नाही म्हणतात.
भांगाला खडप उघडं असतं, खरबरीत, किरण विखुरतो.
उधाणात ते बुडतं,
तेव्हा कुठं आरसा पुरा होतो.

मग कालनिर्णय काढून बसले.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,
ही धक्क्यावरची बेरीज मी कोडमध्ये तशीच घातली.
खडप घातलं, बुडणारं.
पौर्णिमेनंतरची द्वितीया. दुपारचा दीड.
नोड सात सव्वादोन किलोमीटरवर गेला
आणि गप्प झाला.
एकोणचाळीस सेकंद.
मग परत बोलायला लागला,
काही झालंच नाही असा.

शफीला सांगितलं. त्याला नवल नाही वाटलं.
"सात म्हंजे मीच? माझ्या बोटीला नाव हाय."
म्हटलं, नावाची ओळ मशीन वाचत नाही,
तिच्यावरून उडी मारून पुढे जातं.
"मानूस वाचंल ना?"

तर आता त्या ओळीपुढे लिहिलंय:
'नूर-ए-दर्या, साखरी नाटे. मुकं पाणी, होडेकरांनी दाखवलेलं.'
सुधारणा पाठवून दिली.
कुठल्या तरी गावात, जिथं समुद्रच नाही,
एखादं पोर ती उतरवून घेईल.

एक राहिलंच.
पाऊण तासाला सिम्युलेशन थांबतं
आणि बाराही बोटी जिथल्या तिथं, बाहेर, दर्यात.
परत आणायचं तर वेळ दुप्पट, लॅपटॉप रात्रभर तापणार,
प्रबंधाला त्याचा काडीचा उपयोग नाही.
सातची दिशा तेवढी बदलली.
पंखा घरघरतोय.
अजून खडपाच्या बाहेर आहे.